हॅरिमनमध्ये मैल मोजू नका, फाटे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको दोघंही पुण्याचे, गेल्या वर्षी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत एडिसनला आले. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, रतनगड झालेले. आता सुट्टीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या हॅरिमन स्टेट पार्कमध्ये भटकायचं आहे, पण नकाशा उघडला की रंगीत रेघांचं जाळं दिसतं आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. वाट चुकण्याची आणि अस्वलांची भीती वाटते. जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत, त्यांना तिथं काय दाखवता येईल?

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो, आपल्या मंडळींचे गट घेऊन हॅरिमनला जातो आणि तिथल्या एका पायवाटेच्या तुकड्याची स्वयंसेवक म्हणून देखभाल करतो. त्या आधारावर सांगतो.

तुम्ही केलेले किल्ले पाहता हॅरिमनमधली कुठलीच चढण तुम्हाला जड जाणार नाही. तिथले डोंगर बुटके आहेत. लागून असलेल्या बेअर माउंटनचा माथा समुद्रसपाटीपासून १,३०० फुटांच्या आतच आहे. सिंहगडाची पायवाट त्याहून जास्त चढवते. दृष्टिभय, घसारा, कड्याच्या पोटातून आडवं जाणं, असले प्रकार अपवादानंच. तरीही चांगली धडधाकट माणसं तिथं चुकतात, अंधारात अडकतात, आणि त्यात सह्याद्रीत मुरलेली माणसंही असतात. कारण हॅरिमनमध्ये माणूस चढावर दमून अडकत नाही, फाट्यावर चुकून अडकतो. म्हणून वाट निवडताना ती किती मैलांची आहे हे नंतर बघा. आधी तिच्यावर किती फाटे आहेत ते मोजा.

सह्याद्रीत आपण वाट काढतो ती बहुतेक वेळा गड डोळ्यांसमोर ठेवून. पायथ्याच्या गावात वाटाड्या मिळतो, निदान गुरं घेऊन निघालेले एखादे मामा हातानं दिशा तरी दाखवतात. ढोरवाटेला लागलो तरी बुरूज दिसत असतो, कातळकडा दिसत असतो, चूक लवकर कळते. हॅरिमनमध्ये हे काहीच नाही. मेपासून ऑक्टोबरपर्यंत ओक, मेपल, बर्च यांच्या पानांनी आभाळ झाकलेलं असतं. टेकड्या साधारण एकाच उंचीच्या, एकीमागे एक, मधल्या खोलगटात दलदल नाहीतर तळं. एका टेकडीवर उभं राहून पुढची कुठली हे सांगता येत नाही. विचारायला गाव नाही, आणि समोरून येणारा माणूस तुमच्याइतकाच नवखा असण्याची शक्यता जास्त.

त्यात हे अस्पर्श रान नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इथं लोखंडाच्या खाणी चालत होत्या. भट्ट्यांना लागणाऱ्या कोळशासाठी हे जंगल पुन्हा पुन्हा तोडलं गेलं. शेतं होती, त्यांचे दगडी बांध आज गर्द झाडीतून सरळ जाताना दिसतात. खाणींकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटा अजून शाबूत आहेत. त्या रुंद, सपाट, छान मळलेल्या. खुणा केलेली पायवाट मात्र मध्येच त्यांना सोडून बाजूच्या कातळावर चढते, तीही अरुंद आणि अंधुक. आपला पाय सवयीनं मळलेल्या वाटेकडे वळतो. सह्याद्रीत हीच सवय आपल्याला तारते. हॅरिमनमध्ये तिनंच फसायला होतं.

पार्क कसं झालं तेही थोडं माहीत असावं. १९०८ च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्यानं सिंग सिंगचा तुरुंग बेअर माउंटनला हलवायचा बेत केला होता. रेल्वेचे मोठे उद्योगपती एडवर्ड हॅरिमन १९०९ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी मेरी हॅरिमन यांनी १९१० मध्ये १०,००० एकर जमीन आणि १० लाख डॉलर राज्याला दिले आणि तुरुंगाचा बेत सोडायला लावला. आज पार्क ४६,००० एकरांहून मोठं आहे आणि खुणा केलेल्या पायवाटा २०० मैलांहून जास्त आहेत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्सनं सगळ्यात आधी इथंच काम हाती घेतलं आणि टक्सीडो स्टेशनपासून हडसन नदीकाठच्या जोन्स पॉइंटपर्यंतची रामापो-डंडरबर्ग ही वाट आखली. ३,५०० किलोमीटर लांबीच्या अ‍ॅपलाचियन ट्रेलचा अगदी पहिला तुकडाही १९२३ मध्ये याच परिसरात उघडला गेला. पुढे वेगवेगळ्या क्लबांनी आपापल्या वाटा काढल्या, त्या एकमेकींवरून गेल्या, आणि ते जाळं तयार झालं. आजही खुणा रंगवणं, पडलेली झाडं कापून वाट मोकळी करणं हे बहुतेक सगळं काम स्वयंसेवकच करतात.

आता खुणा. यांच्यावर इथला सगळा भरवसा आहे, म्हणून त्या वाचायला नीट शिका. खूण साधारण डोळ्यांच्या उंचीवर झाडाच्या खोडावर असते. कधी रंगाचा पट्टा, कधी ठोकलेली छोटी पट्टी. अ‍ॅपलाचियन ट्रेलची खूण म्हणजे २ इंच रुंद, ६ इंच उंच पांढरी पट्टी. उघड्या कातळावर झाड नसेल तिथं खूण पायाखालच्या दगडावर रंगवलेली असते. एकच खूण म्हणजे सरळ चला. एकावर एक अशा दोन खुणा म्हणजे पुढे वळण आहे; वरची खूण ज्या बाजूला सरकवलेली असेल तिकडे वळायचं. तीन खुणांचा त्रिकोण असेल आणि टोक वर असेल तर तिथून वाट सुरू होते; टोक खाली असेल तर तिथं ती संपते.

इथवर सोपं आहे. गोम पुढे आहे. पांढऱ्यावर लाल चौकोन ही पाइन मेडो ट्रेल. पांढऱ्यावर लाल ठिपका ही रामापो-डंडरबर्ग. लाल आडवी रेघ ही टक्सीडो-माउंट आयव्ही. लाल त्रिकोण ही आर्डेन-शुअरब्रिज. आणि लाल फुली असलेली रेड क्रॉस ट्रेल वेगळीच. पाचही एकाच पार्कमध्ये, आणि त्यातल्या काही एकमेकींना छेदतात. ‘लाल वाट धरा’ असं कोणी सांगितलं तर त्यानं काहीच सांगितलेलं नाही. पांढऱ्याचंही तेच: उभी पट्टी, आडवी पट्टी, फुली, सगळ्या निराळ्या वाटा. म्हणून गटात बोलताना नेहमी रंग आणि आकार दोन्ही म्हणायची सवय लावा. ‘लाल ठिपका’, ‘लाल त्रिकोण’. मुलांनासुद्धा हे लगेच जमतं, आणि पुढची खूण आधी कोण शोधतं या खेळात ती चालायचा कंटाळा विसरतात.

पार्कच्या मध्यभागी लाल ठिपका, लाल त्रिकोण आणि लाँग पाथची निळसर हिरवी खूण अशा तीन वाटा एका मोठ्या धोंड्यापाशी भेटतात. त्या जागेला जुन्या भटक्यांनी टाइम्स स्क्वेअर नाव दिलंय आणि तेच रूढ झालंय. तिथं पोचल्यावर बसा, पाणी प्या, नकाशा काढा. घाईनं ओलांडायची ती जागा नाही.

काही ठिकाणी दोन वाटा बराच वेळ एकत्र चालतात आणि मग गुपचूप वेगळ्या होतात. हे सगळ्यात फसवं. टियोराटी तळ्याच्या वरच्या अंगाला फिंगरबोर्ड माउंटनची लांब धार आहे. तिच्यावर अ‍ॅपलाचियनची पांढरी पट्टी आणि लाल ठिपका बरोबर जातात. दक्षिण टोकाला पांढरी पश्चिमेकडे उतरायला लागते आणि लाल ठिपका हॉगनकॅम्प माउंटनकडे पुढे जातो. एकदा आमच्या गटातले वडील आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा गप्पांच्या नादात पुढे होते. दोघंही दमाचे, पावलं झपाझप. आम्हाला लाल ठिपक्यावर राहायचं होतं. त्यांनी इतका वेळ दोन्ही खुणा एकाच झाडावर पाहिल्या होत्या, त्यामुळे नुसती पांढरी दिसत राहिली तरी त्यांना खटकलं नाही. फाट्यावर आम्ही पोचलो तेव्हा ते दिसेनात. हाका मारल्या, पानांच्या दाटीत आवाज फार जात नाही. फोनला रेंज नव्हती. मी गटाला तिथंच बसवलं आणि एकाला घेऊन पांढऱ्या वाटेनं उतरलो. बऱ्याच खाली एका ओढ्याजवळ ते भेटले, परत वर यायला निघालेले. ‘खूप वेळ लाल दिसलंच नाही’ हे मुलाच्या लक्षात आलं होतं, आणि त्यानं वडिलांना थांबवलं होतं. ऑक्टोबरचा दिवस होता, आणखी अर्धा तास ते पुढे गेले असते तर अंधारातच शोधाशोध करावी लागली असती.

तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे, आणि तो नवा माणूस आला की निघण्यापूर्वी मी मोठ्यानं सांगतो: प्रत्येक फाट्यावर पुढच्यानं थांबायचं, शेवटचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही. शेवटी कोण चालणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि तो माणूस वाट माहीत असलेलाच असतो. वेगानं चालणाऱ्यांना हे जाचतं. जाचू दे. मंडळाच्या सहलीला चाळीस जण येतात तेव्हा मी सरळ तीन-चार गट करतो, प्रत्येकाला वेगळा म्होरक्या आणि वेगळा शेवटचा. एवढ्या माणसांची एकच रांग हॅरिमनमध्ये नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. वाटेची माती उखडते, इतरांना वाट मिळत नाही, आणि मधली माणसं खुणा बघणं सोडून पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतात.

खूण दिसेनाशी झाली तर काय करायचं? शंभर पावलांत नवी खूण नाही म्हणजे थांबा. मागे वळून बघा. उलट्या दिशेनं येणाऱ्यांसाठीच्या खुणा झाडाच्या दुसऱ्या अंगाला असतात, ती दिसली तर तुम्ही वाटेवरच आहात. तीही नसेल तर शेवटची पाहिलेली खूण गाठेपर्यंत आल्या पावली परत जा. ‘पलीकडे रस्ता असेलच’ म्हणून झाडीतून सरळ घुसू नका. दलदल, काटेरी वेली आणि पानांखाली दडलेले दगड यांत पाऊण तासात दोनशे मीटर होतात आणि चकवा लागल्यागत माणूस फिरत राहतो.

नकाशा कागदाचा घ्या. ट्रेल कॉन्फरन्सचा हॅरिमन-बेअर माउंटन संच दोन तुकड्यांत येतो, दक्षिण आणि उत्तर. पाण्यानं भिजला तरी तो फाटत नाही. तोच नकाशा अ‍ॅव्हेंझा अ‍ॅपमध्ये घेता येतो, रेंज नसली तरी आपण कुठं आहोत ते त्यावर दिसतं. दोन्ही ठेवा. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते.

आदल्या रात्री मी एका छोट्या कार्डावर फक्त फाटे लिहितो. एल्क पेन ते लेमन स्क्वीझर या फेरीचं कार्ड असं होतं: ‘एल्क पेन. पांढरी उभी पट्टी. ग्रीन पाँड माउंटनचा चढ आणि उतार. आयलंड पाँडचं पाणी ओलांडणे. लेमन स्क्वीझर, इथं लाल त्रिकोण भेटतो. परतीला लाल त्रिकोण, पश्चिमेकडे, गाडीपर्यंत.’ एवढंच. मैल लिहीत नाही. हे कार्ड गटातल्या आणखी दोघांकडे देतो, आणि एक प्रत घरी राहणाऱ्या माणसाकडे, ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर’ या ओळीसकट.

आता कुठून सुरुवात करायची ते सांगतो.

पहिल्या खेपेला स्लोट्सबर्गजवळ सेव्हन लेक्स ड्राइव्हवरच्या रीव्ह्ज मेडोपासून पाइन मेडो ट्रेल धरा. लाल चौकोन. ओढ्याच्या काठाकाठानं वाट पाइन मेडो तळ्याकडे जाते, एका बाजूनं साधारण ३ मैल. तळं १९३० च्या दशकात बांध घालून केलेलं आहे. काठावरच्या कातळावर जेवा आणि आल्या वाटेनं परत या. फेरी करायचा मोह पहिल्या दिवशी टाळा. त्याच वाटेनं परत येताना खुणा उलट्या दिशेनं वाचायला मिळतात आणि जाताना न दिसलेले फाटे दिसतात. ते शिकणं पुढे फार उपयोगी पडतं. वाटेत सेव्हन हिल्सची निळी, काकियाटची पांढरी आणि बाकीच्या वाटा भेटतील, त्या नकाशावर ओळखत चला. फक्त लवकर निघा. तिथली गाडी लावायची जागा सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरते आणि रस्त्याच्या कडेला लावली तर दंड होतो.

दुसरी, आत्ताच सांगितलेली एल्क पेनची फेरी. आर्डेन व्हॅली रोडवरच्या त्या मैदानात एकेकाळी यलोस्टोनहून आणलेले एल्क, म्हणजे मोठ्या जातीची हरणं, ठेवली होती, त्यावरून हे नाव. लेमन स्क्वीझर म्हणजे प्रचंड शिळांमधली चिंचोळी फट. पाठीवरची सॅक काढून, अंग आडवं करून निघावं लागतं, आणि लगेच पुढे हात टेकून चढायचा एक छोटा कातळटप्पा आहे. तुम्हाला तो खेळ वाटेल. ज्यांना नको त्यांच्यासाठी शेजारून खुणा केलेली वळसा-वाट आहे, ती घ्यायला कोणी लाजू नये.

तिसरी मला मनापासून आवडते, कारण तिला गाडी लागत नाही. एडिसनहून रेल्वेनं सिकॉकस, तिथं पोर्ट जर्व्हिस लाइनची गाडी बदलून टक्सीडो. लाल ठिपका स्टेशनवरूनच सुरू होतो. थोड्या अंतरावर लाल आडवी रेघ घेतली की क्लॉडियस स्मिथ्स डेन येतं. क्लॉडियस स्मिथ हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला इंग्रजांच्या बाजूचा लुटारू. त्याला १७७९ मध्ये गोशेनला फाशी दिलं. त्याची टोळी या कपारींत लपायची असं सांगतात. वरच्या कातळावर चढलं की पश्चिमेकडचं खोरं उघडं होतं. तिथून निळ्या चकतीची वाट दक्षिणेला एल्बो ब्रश नावाच्या फटीतून पुढे जाते, पण पहिल्यांदा जाल तेव्हा डेनवरून परत फिरलात तरी दिवस भरतो. सुट्टीच्या दिवशी या मार्गावर गाड्या विरळ असतात; परतीची वेळ आधी ठरवा आणि चाल त्याप्रमाणे बेता.

लाल ठिपक्याची अख्खी वाट, टक्सीडो ते जोन्स पॉइंट, २० मैलांहून जास्त आहे, मध्ये दगडी आसऱ्यात एक मुक्काम करून दोन दिवसांत होते. शेवटच्या टप्प्यात टिंप आणि डंडरबर्ग हे दोन डोंगर. डंडरबर्गवर १८९० मध्ये सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या डोंगरी रेल्वेचे भराव आणि बोगद्याचं तोंड झाडीत दिसतं. ते पहिल्या वर्षी करायची गरज नाही.

वेळेचा अंदाज बांधताना ताशी दीड मैल धरा, त्याहून जास्त नाही. फोनवरचं अ‍ॅप सांगतं ते सपाट वाटेचं गणित असतं. इथला दगड आपल्या बेसॉल्टपेक्षा वेगळा, हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला, ‘नाइस’ (gneiss) नावाचा जुना खडक. कोरडा असताना पकड उत्तम, ओला झाला की भरवसा नाही. खाणींच्या तोंडाशी उभं राहून बघा, आत जाऊ नका. बऱ्याच विवरांत पाणी भरलंय आणि काठ ढासळते आहेत. ओढ्याचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका. तळ्यांत कुठंही पोहायला परवानगी नाही, नेमलेल्या जागीच. चूल फक्त आसऱ्यांपाशी बांधलेल्या शेगडीत, आणि कोरड्या हंगामात तीही बंद असते. २०२४ च्या शरदात पाऊस जवळजवळ झालाच नाही, आणि नोव्हेंबरमध्ये शेजारचं स्टर्लिंग फॉरेस्ट आणि लागून असलेली न्यू जर्सीची हद्द मिळून ५,००० एकरांवर वणवा पसरला. विझवताना एका तरुण पार्क कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी, ९ जुलै २०२३ च्या पावसानं याच परिसरातले रस्ते आणि पायवाटा उखडल्या होत्या. निघण्यापूर्वी काय बंद आहे ते पार्कच्या संकेतस्थळावर बघत जा.

अस्वलांबद्दल. काळी अस्वलं आहेत, पण माणसाची चाहूल लागली की ती स्वतःच निघून जातात. दिसलं तर पळू नका, बोलत बोलत हळूहळू मागे सरा, खाणं उघडं ठेवू नका. साप दोन जातींचे विषारी: टिंबर रॅटलस्नेक आणि कॉपरहेड. उन्हात तापलेल्या कातळावर ते पडलेले असतात. हात टेकण्याआधी आणि पडलेलं झाड ओलांडण्याआधी पलीकडे बघायचं, एवढी काळजी पुरते. रॅटलस्नेकला न्यूयॉर्कमध्ये कायद्याचं संरक्षण आहे, त्याला दगड मारायचा विचारही नको.

खरी भीती बाळगायची ती गोचिडांची, आणि हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो, कारण भारतातून आलेली माणसं अस्वलाचं विचारतात आणि गोचिडाचं ऐकून हसतात. हरणांच्या अंगावरच्या काळ्या पायांच्या गोचिडातून इथं लाइम नावाचा आजार होतो. सगळ्यात धोक्याची वेळ मे ते जुलै, कारण तेव्हा गोचिडांची पिल्लं बाहेर असतात आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात. चावलेलं कळतही नाही. झाडावरून ती पडत नाहीत; गवताच्या पात्याच्या किंवा झुडपाच्या टोकाशी बसून वाट बघतात आणि जाणाऱ्याच्या पायाला चिकटतात. म्हणून लांब फिक्या रंगाची पँट, पँटचं टोक मोज्यात खोचलेलं, आणि वाटेच्या मधून चालणं. बूट आणि पँटवर आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवून घ्या. ते कपड्यांसाठी आहे, अंगाला लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर वाळेपर्यंत तिला लांब ठेवा.

घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर दहा मिनिटं. मग अंघोळ आणि सगळं अंग तपासणं: गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे, केसांत. मुलांचं तुम्ही करा, एकमेकांचं एकमेकांनी. चिकटलेलं सापडलं तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मेणबत्ती, नेलपॉलिश असले उपाय नकोत. आजाराचे जंतू अंगात शिरायला साधारणपणे गोचीड चोवीस तासांहून जास्त वेळ चिकटलेलं असावं लागतं, म्हणूनच त्याच दिवशी तपासणं महत्त्वाचं. पुढच्या ३ ते ३० दिवसांत चावल्याजागी पसरत जाणारा लाल चट्टा, ताप, अंगदुखी असं काही दिसलं तर डॉक्टरकडे जा आणि जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. चट्ट्यात कडं दिसलंच पाहिजे असं नाही. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर आजार बरा होतो. दुर्लक्ष केलं तर सांधे आणि नसा धरतो.

पॉयझन आयव्हीची तीन-तीन पानं एकदा कोणाकडून ओळखून घ्या. झाडावर चढलेला तिचा केसाळ वेलही अंगाला खाज आणतो.

ऋतूंबद्दल माझी आवड सांगतो. जूनच्या मध्याला माउंटन लॉरेलला पांढरी-गुलाबी फुलं येतात, तेव्हा वरच्या धारांवरून चालावं. जुलैत कातळावर रानटी ब्लूबेरी असतात. ऑक्टोबरच्या रंगांना सगळं न्यूयॉर्क येतं. तेव्हा रविवार टाळा. पण मला सगळ्यात आवडतो तो पानं झडल्यानंतरचा काळ. टेकड्यांची ठेवण, बांध, खाणींचे ढिगारे, तळी, सगळं उघडं पडतं आणि उन्हाळ्यात गोंधळात टाकणारा भाग नीट समजतो. मात्र तेव्हा ओकच्या पानांचा थर वाटही झाकतो आणि दगडांमधल्या फटीही, आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर मागे गेली की पाचच्या आतच सूर्य मावळतो. प्रत्येकाच्या सॅकमध्ये डोक्याला लावायची बॅटरी हवी, ‘अंधाराआधी येणारच आहोत’ तरीही. जानेवारीत बुटांवर चढवायचे लोखंडी काटे घ्या. कातळावर बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसत नाही.

राहिले आई-बाबा. त्यांना बेअर माउंटनच्या वर गाडीनं नेता येतं. पर्किन्स मेमोरियल ड्राइव्ह माथ्यापर्यंत जातो, वर १९३४ चा दगडी मनोरा आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला मॅनहॅटनच्या इमारती दिसतात. माथ्यावर अ‍ॅपलाचियन ट्रेलचा सुमारे अर्ध्या मैलाचा भाग चाकाची खुर्चीही जाईल इतका सपाट केला आहे. आईंना ‘त्या प्रसिद्ध वाटेवर चालले’ असं खुशाल सांगता येईल. खालून वर येणारी, ८०० हून जास्त घडीव दगडी पायऱ्यांची वाट तुम्ही दोघं करा, ते गाडीनं वर भेटतील. रस्ता सुरू आहे ना एवढं आधी पाहा.

गुडघे बरे असतील तर दुसऱ्या दिवशी डूडलटाउन. हे गाव १९६० च्या दशकात पार्कनं जमिनी घेतल्यावर उठलं. जुना डांबरी रस्ता अजून आहे, कडेला घरांचे पाये, आणि जागोजागी फलक: इथं कोणाचं घर होतं, शाळा कुठं होती. सुरुवातीचा चढ सोडला तर चाल सावकाश होते, आणि पक्षी बघायला जूनची सकाळ फार चांगली. माझ्या ओळखीच्या बऱ्याच आई-वडिलांना शिखरांपेक्षा हीच जागा जास्त भावली. ते प्रत्येक फलकापाशी थांबतात, वाचतात, धरणाखाली गेलेल्या आपल्या गावांच्या गोष्टी सांगतात. ९-डब्ल्यू हमरस्त्यालगत गाड्यांना जागा थोडी आहे, म्हणून जमलं तर कामाच्या दिवशी जा. त्यांना बसायला घडीची खुर्ची न्या, गवतात बसवू नका, आणि घरी आल्यावर त्यांचंही अंग तपासा.